पहिलं वाक्य कुणाचं? पिटाच्या छाप्याचे कागद कसे वाचायचे

पिटाची, म्हणजे वेश्याव्यवसायाशी संबंधित अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याखालची, फाईल हातात आली की मी ती पहिल्या पानापासून वाचत नाही. एफआयआर बाजूला ठेवते. छाप्याचा पंचनामा, बनावट गिऱ्हाइकाचा जबाब आणि फोनचे कागद एवढंच आधी काढते आणि जुन्या कॅलेंडरच्या पानामागं मोठ्या अक्षरात लिहिते: पहिलं वाक्य कुणाचं? ‘पाहिजे का?’ असं समोरच्यानं विचारलं, की ‘मिळेल का?’ असं पोलिसांच्या माणसानं?

चोवीस वर्षं दंडाधिकारी कोर्टात आरोपींच्या बाजूनं उभी राहते आहे. हाताखाली येणारी मुलं पहिल्याच पिटाच्या केसमध्ये विचारतात, ‘मॅडम, एन्ट्रॅपमेंट घेऊ या ना?’ म्हणजे पोलिसांनीच भरीस घालून गुन्हा करवला, हा बचाव. इंग्रजी मालिका बघून आलेली असतात. त्यांना मी सांगते, तो शब्द अर्जात लिहू नका, पण फाईल वाचताना डोक्यातून काढूही नका.

अमेरिकेत हा बचाव १९३२ पासून सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलेला आहे. गुन्ह्याची कल्पना सरकारी माणसाच्या डोक्यातून निघाली आणि ज्याच्या मनात ती नव्हती त्याला त्यानं भरीस घातलं, तर शिक्षा नाही. इंग्लंडमध्ये तो बचाव म्हणून चालत नाही, पण पोलिसांनीच गुन्हा घडवून आणला असं दिसलं तर न्यायाधीश खटलाच थांबवू शकतात. आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात असं कलम नाही. ‘पोलिसांनी फसवलं’ एवढ्यावर कुणी सुटत नाही. शिवाय पुरावा वाकड्या वाटेनं मिळवला म्हणून तो आपोआप बादही होत नाही. चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं हे १९७२ मध्येच सांगून ठेवलं आहे.

मग हातात काय उरतं? लाचेच्या सापळ्यांवरचे जुने निकाल. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सापळ्याचे पैसे पोलिसांनीच पुरवण्यावर नाराजी व्यक्त केली. १९५६ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी त्याच्या पुढची गोष्ट सांगितली. लाच मागणाऱ्याला पकडायला सापळा लावणं वेगळं आणि ज्यानं मागितलीच नाही त्याला मोह घालून पाडणं वेगळं. कायद्याच्या रखवालदारांनीच माणसाच्या सहनशक्तीपलीकडचा मोह घालू नये, अशी अपेक्षा धरायचा माणसाला हक्क आहे. २०१४ च्या एका निकालात न्यायालयानं परदेशातले दाखले तपासून असंही नोंदवलं की काही देशांत स्टिंग ही मर्यादित का होईना, पोलिसी तपासाची मान्य पद्धत आहे, आपल्याकडे तशी स्थिती नाही. एवढ्या भांडवलावर केस लढायची, म्हणजे तत्त्वावर कमी आणि वेळांवर जास्त.

आता कागदांकडे.

छाप्याची गोष्ट सगळ्या फाईलींत एकाच साच्यात असते. गोपनीय बातमीदारामार्फत खबर मिळते. वरिष्ठांना कळवलं जातं. दोन पंच बोलावले जातात. एक बनावट गिऱ्हाईक, पोलिसांच्या भाषेत पंटर, तयार होतो. त्याला नोटा दिल्या जातात, त्यांचे नंबर पंचनाम्यात उतरतात. तो पंचांसमक्ष स्पीकर लावून फोन करतो, पलीकडून ‘या’ म्हणतात. तो आत जातो, पैसे देतो, मिस कॉलचा इशारा करतो, बाहेर थांबलेलं पथक आत शिरतं. दलालाच्या खिशात त्याच नंबरच्या नोटा. इति पंचनामा.

या साच्यात एक भोक नेहमीचं आहे: ‘खबरीची खात्री केली.’ कशी केली, कुणी केली, कधी केली? पंच यायच्या आधी झालेलं सगळं या तीन शब्दांत गाडलेलं असतं. पहिलं वाक्य तिथंच असतं.

माझ्याकडे एक केस होती. एका लॉजचा मॅनेजर, पन्नाशीचा माणूस. पंचनाम्यात लिहिलेलं की पंटरनं संध्याकाळी पावणेसहाला पंचांसमोर पहिला फोन केला आणि मॅनेजरनं लगेच भाव सांगितला. त्याची बायको माझ्यासमोर बसून एकच सांगत होती, ‘ताई, तो माणूस तीन दिवस मागं लागला होता.’ मलाही खरं वाटलं नव्हतं. सगळेच असं सांगतात. तरी कॉल डिटेल्स मागवले. त्याच नंबरवरून आधीच्या तीन दिवसांत अकरा फोन. पहिले काही पंधरा-वीस सेकंदांचे. ‘नाही’ म्हणून फोन ठेवायला माणसाला तेवढाच वेळ लागतो. सहावा फोन मात्र चार मिनिटांचा.

म्हणून पहिलं काम: पंटरचा आणि आरोपीचा नंबर, दोघांचे किमान आधीच्या आठवड्याचे कॉल डिटेल्स. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कोर्टाकडे अर्ज करायचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ९१ होतं, म्हणून जुन्यांच्या तोंडात अजून ‘एक्क्याण्णवचा अर्ज’ हेच आहे, तोच हा. व्हॉट्सॲपवर बोलणं झालं असेल तर फक्त पोलिसांनी छापून जोडलेली पानं वाचू नका. बहुतेकदा गप्पा मधूनच सुरू झालेल्या दिसतात. वर सरकवल्यावर काय होतं ते आरोपीच्या फोनमध्ये असतं आणि फोन जप्त असतो. मूळ फोनची प्रत मागा, आणि जोडलेल्या पानांसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आहे का तेही बघा.

सीसीटीव्हीचा अर्ज तर पहिल्या रिमांडच्याच दिवशी टाका. लॉज आणि पार्लरमधल्या यंत्रांवर जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढत राहतं. चार्जशीट यायची वाट बघाल तर रिकामं यंत्र हाती येईल. मी एकदा वाट पाहिली होती. अजून हळहळते.

दुसरं काम वेळांचं. कॅलेंडरच्या पानामागं रेघ ओढायची आणि प्रत्येक कागदातली वेळ तिच्यावर टाकायची: स्टेशन डायरीची नोंद, पंच आल्याची वेळ, फोन, पथक निघालं, पंटर आत गेला, इशारा, छापा, पंचनामा संपला, एफआयआर, महिलांना कोर्टात नेलं. एफआयआर आणि पंचनाम्याच्या वेळा एकमेकींत घुसलेल्या सापडतात, पंच एकाच वेळी दोन ठिकाणी सापडतो. पण मी बोट ठेवते ते ‘पंटर आत गेला’ आणि ‘इशारा’ या दोन ठिपक्यांमध्ये. पैसे दिले, खोली दाखवली, इशारा. याला किती वेळ लागावा? एका फाईलमध्ये मधे चाळीस मिनिटं होती. साक्षीत विचारलं तर पंटर म्हणाला, रेंज नव्हती. त्याच कॉल डिटेल्समध्ये त्या चाळीस मिनिटांत त्याला दोन फोन आलेले आणि त्यानं घेतलेले. खोलीत त्या बाईचं काय झालं हे कुणी लिहिलं नव्हतं. तिचा जबाब पोलिसांनी टाईप केलेला, त्यातली मराठी तिची नव्हती. ती बंगाली बोलायची.

नव्या संहितेचं कलम १०५ वापरा. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक आहे. ते कुठून सुरू होतं, कुठं तुटतं, नोटा सापडताना कॅमेरा खिशावर आहे की भिंतीवर, हे स्वतः बसून बघायचं. कारकुनाला सांगून होत नाही.

तिसरं काम माणसांचं. छापा कुणी घातला? अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा १९५६ चा आहे आणि त्यातल्या गुन्ह्यांचा तपास विशेष पोलीस अधिकाऱ्यानंच करायचा असतो. तो निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा चालत नाही. दुसऱ्या कुणी केलेला तपास सर्वोच्च न्यायालयानं साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच मोडीत काढला होता. तरी उपनिरीक्षकानं सगळा तपास करून सही वरच्यांची घेतलेली फाईल आजही येते. कलम १५ वाचा, दर वेळी नव्यानं वाचा. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर का, याची कारणं आधी लिहायला हवीत. त्या वस्तीतल्या दोन प्रतिष्ठित रहिवाशांना बोलवायला हवं, त्यांत किमान एक बाई; ती मात्र त्याच वस्तीतली असायला हवी असं नाही. पथकात किमान दोन महिला पोलीस. बायकांची विचारपूस महिला पोलिसानंच करायची. ती नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या महिला प्रतिनिधीसमोर.

हे सगळं चुकलं म्हणजे केस पडली, असं मात्र समजू नका. गुजरातमधून आलेल्या एका केसमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की झडतीतल्या उणिवेमुळं खटला आपोआप रद्द होत नाही, आरोपीचं नुकसान झालं का ते पाहावं लागतं. म्हणून नुसतं ‘कलम १५ पाळलं नाही’ म्हणून थांबू नका. वस्तीतला पंच असता तर काय वेगळं दिसलं असतं, ते सांगा. हुकमी पंच ओळखायला येतो: पोलीस ठाण्याच्या बाहेरचा झेरॉक्सवाला, पार्किंगवाला. ‘याआधी किती पंचनाम्यांवर सह्या केल्यात?’ एवढंच विचारा. एकानं मला ‘मोजले नाहीत’ असं उत्तर दिलं होतं.

कलमं कोणती लावली आहेत त्यानुसार पहिल्या वाक्याचं वजन बदलतं. कलम ८ म्हणजे सार्वजनिक जागी शब्दानं किंवा हावभावानं गिऱ्हाईक बोलावणं. इथं पहिलं वाक्य हाच गुन्हा आहे. रस्त्याकडेला उभ्या बाईजवळ पंटरनं गाडी थांबवली, काच खाली केली आणि ‘किती?’ विचारलं, तर आर्जव कुणी केलं? ती उभी होती, उभं राहणं गुन्हा नाही. इथं पंटरच्या जबाबाची पहिली तीन वाक्यं सोन्यासारखी जपा.

कलम ३, कुंटणखाना चालवणं, इथं हे तितकंसं चालत नाही. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं सक्तमजुरी आहे, त्यामुळं लोक इथंच सगळा जोर लावतात आणि इथंच आपटतात. ‘एकदाच झालं, तेही पोलिसांनीच घडवलं’ हा युक्तिवाद ऐकायला छान वाटतो. पण मद्रासच्या एका केसमध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की वारंवार गिऱ्हाइकं आल्याचा पुरावा लागतोच असं नाही. एक प्रसंग आणि भोवतालची परिस्थिती मिळून पुरे होऊ शकतं. म्हणून लढाई भोवतालच्या परिस्थितीवर करायची. रजिस्टर होतं का, हिशेबाची वही सापडली का, इतर खोल्यांत कोण राहत होतं, कुटुंबं होती का? आणि कंडोमची पाकिटं जप्त करून तोच पुरावा म्हणून मांडला असेल, तर मे २०२२ मधला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश काढून पुढं ठेवा: आरोग्यासाठी घेतलेली काळजी गुन्ह्याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही.

त्या आदेशाबद्दल एक गैरसमज खोडते. वर्तमानपत्रांनी ‘छाप्यात बायकांना अटक करायची नाही’ असा मथळा दिला. न्यायालयानं नेमलेल्या समितीची ती शिफारस आदेशात आहे खरी, पण काही शिफारशींना केंद्र सरकारचा आक्षेप होता आणि राज्यांनी तातडीनं पाळायच्या यादीत ती नाही. कंडोमचा मुद्दा, पोलिसांनी सन्मानानं वागणं आणि माध्यमांनी ओळख उघड न करणं यादीत आहे. कोर्टात चुकीचा परिच्छेद वाचलात तर सरकारी वकील उठतो आणि मग बरोबर परिच्छेदावरचाही विश्वास जातो.

कलम ७ असेल तर मोजपट्टी घेऊन जा. देऊळ, शाळा, दवाखाना यांपासून दोनशे मीटरच्या आत, असं ते कलम आहे. पोलिसांच्या नकाशात ‘अंदाजे १५० मीटर’ असं लिहिलेलं असतं. कुणी मोजलं, कुठून कुठपर्यंत मोजलं?

गिऱ्हाईक म्हणून पकडलेला खराखुरा माणूस आला तर त्याला खोटी आशा दाखवू नका. गिऱ्हाइकाला या कायद्याखाली गुंतवता येतं का, यावर उच्च न्यायालयांची मतं वेगवेगळी आहेत. आणि त्यानं ‘मी विचारलं होतं तुम्ही पोलीस आहात का, ते नाही म्हणाले’ असं सांगितलं तर ते तिथंच थांबवा. विचारल्यावर पोलिसानं खरं सांगावंच लागतं, हा नियम कुठल्याच कायद्यात नाही.

आता छाप्यात सापडलेल्या बाईबद्दल. कागदावर ती ‘पीडित’ असते, म्हणजे आरोपी नसते, आणि तरीही रात्री घरी जाऊ शकत नाही. तिला दंडाधिकाऱ्यांपुढं नेतात, तिथून महिला वसतिगृहात. कलम १७ खालच्या चौकशीसाठीचा ताबा तीन आठवड्यांपेक्षा जास्त नेता येत नाही. पण तारखा पडत जातात आणि मोजायला कुणी नसतं. तुम्ही मोजा. वयाचा पुरावा पहिल्याच दिवशी द्या. तिला कोर्टात स्वतःच्या तोंडानं बोलू द्या, दुभाषी लागत असेल तर मागा. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं, मालाडच्या एका गेस्ट हाऊसवर बनावट गिऱ्हाईक पाठवून केलेल्या छाप्यातल्या तिघींना वसतिगृहातून मोकळं केलं. वेश्याव्यवसाय हा स्वतःहून गुन्हा ठरवणारी तरतूद या कायद्यात नाही आणि सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध डांबता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. हा निकाल पर्समध्ये ठेवा. वकिलाची फी नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१०० आहे. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही.

मुलगी अठराच्या आतली असेल तर मात्र मी वर लिहिलेलं बरंचसं विसरा. तिथं संमतीचा प्रश्नच येत नाही. कुलूप लावलेल्या खोलीतून पोरगी बाहेर काढायला बनावट गिऱ्हाइकाशिवाय दुसरा मार्ग बऱ्याचदा नसतो, आणि अशा छाप्यात चाळीस मिनिटं न लावता चार मिनिटांत इशारा देणारे पंटरही मी पाहिले आहेत. त्यांच्या साक्षीला धक्का लावायला मी कधी गेले नाही.

खासगी ‘स्टिंग’ची क्लिप फाईलमध्ये असेल तर दुप्पट सावध. २००७ मध्ये दिल्लीत एका सरकारी शाळेतल्या शिक्षिकेवर, विद्यार्थिनींना धंद्याला लावते असा आरोप करणारं स्टिंग एका वाहिनीनं दाखवलं. जमावानं तिला मारलं, कपडे फाडले, नोकरी गेली. नंतर क्लिपमधली ‘विद्यार्थिनी’ विद्यार्थिनी नव्हतीच असं निघालं. दिल्ली उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन बजावलं की स्टिंगच्या नावाखाली कुणाला मोहात पाडून अडकवू नये. तो निकाल पोलिसांच्या पंटरवर नाही, पण युक्तिवादात जोडायला चालतो.

त्या लॉज मॅनेजरचं काय झालं, ते मुलं नेहमी विचारतात. सुटला. निकालपत्र अकरा पानांचं होतं. पंचांतला पुरुष वस्तीतला सोडा, त्या तालुक्यातलाही नव्हता, नोटांचे दोन नंबर जुळत नव्हते, म्हणून संशयाचा फायदा. अकरा फोनांवर एक ओळ: ‘सदर बाब संशयास्पद वाटते.’ भरीस घातलं की नाही यावर अक्षर नाही. पण पंटरच्या साक्षीनंतर दंडाधिकारी मॅडमनी पेन खाली ठेवून कॉल डिटेल्सचं पान स्वतः मागून घेतलं होतं, ते मी पाहिलं.

उलटतपासणीचा क्रम सांगून ठेवते, कारण चूक शेवटच्या प्रश्नात होते. पंटरला आधी नोकरी-धंदा विचारा. मग आधी किती छाप्यांत गेलात, पैसे कोण देतं. मग त्याच्याच तोंडून नंबर वदवून घ्या: हा तुमचाच ना, त्या आठवड्यात दुसऱ्या कुणाकडं नव्हता ना. मग एकेक तारीख, एकेक फोन, किती सेकंद. त्यानं काय उत्तर दिलं याची घाई करू नका, टंकलेखकाला लिहू द्या. सहाव्या फोनपाशी आलात की काय बोललात ते विचारू नका, त्याला गोष्ट रचायला जागा मिळते. फक्त विचारा, ‘आधीच्या पाच फोनांनंतर तुम्हीच पुन्हा फोन केला, हे खरं आहे?’ तो ‘हो’ म्हणेल, कागद समोर आहे. यानंतर जिभेवर येणारा प्रश्न, ‘म्हणजे तुम्ही त्याला फसवलंत ना?’, तो गिळायचा. त्याचं उत्तर ‘हे म्हणणं खोटं आहे’ असंच येणार आणि तेच नोंदीतलं शेवटचं वाक्य होणार. ‘हो’वर थांबायचं, ‘आणखी प्रश्न नाहीत’ म्हणायचं आणि खाली बसायचं.